मुलाचं गणित नक्की कुठल्या पायरीवर अडलंय ते कसं ओळखायचं

मुलाच्या वहीत आपण बघतो काय, तर उत्तर. बरोबर असलं की पुढचं पान, चुकलं की "पुन्हा कर". मीही कित्येक वर्षं हेच केलं, आधी घरच्या मुलांबरोबर आणि नंतर शिकवायला लागल्यावर दुसऱ्यांच्या मुलांबरोबर. पण ८ + ५ = १३ हे एकच उत्तर मुलं कशी कशी काढतात ते जवळ बसून बघा कधी. एक जण आठ रेघा मारतो, मग पाच रेघा मारतो आणि परत पहिल्या रेघेपासून तेरापर्यंत मोजतो. दुसरी म्हणते आठला दोन दिले की दहा, पाचातले तीन उरले, तेरा. दोघांनाही वहीत टिकच मिळते, पण दोघांच्या समजेत दीड-दोन वर्षांचं अंतर असू शकतं, आणि पुढे हातच्याची गणितं आली की रेघावाला गळपटतो आणि आपण म्हणतो आत्तापर्यंत तर सगळं येत होतं की याला, एकदम काय झालं.

एकदम काही होत नाही. म्हणून सगळ्यात आधी ही सवय लावून घ्या, की उत्तर बरोबर असो वा चूक, "कसं काढलंस?" विचारायचं आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं, तोंडापर्यंत येतं "अरे सोपंय, असं कर", पण गिळायचं ते. सुरुवातीला मुलं हा प्रश्न ऐकला की लगेच खोडरबर हातात घेतात, कारण मोठी माणसं "कसं काढलंस" फक्त चुकल्यावरच विचारतात हे त्यांना पक्कं माहीत झालेलं असतं. बरोबर उत्तरालाही विचारत राहिलात की आठवडाभरात भीती जाते आणि मग एकेक मजेशीर गोष्टी बाहेर यायला लागतात.

आकडे म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं

"आमच्याला शंभरपर्यंत येतं" असं आईबाबा कौतुकाने सांगतात आणि येतही असतं, पण कवितेसारखं. खरं मोजता येतंय का ते बघायला टेबलावर ९ बटणं ठेवा आणि मोजायला सांगा. मोजून झालं की लगेच विचारा, "मग किती आहेत?" जे मूल परत एक-दोन-तीन सुरू करतं त्याला अजून हे कळलेलं नाही की मोजताना शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्यांचा आकडा असतो. मग उलटं करून बघा, "मला यातली ७ दे". मूठभर उचलून दिली तर तीच खूण. आणि काही मुलं मोजतात तेव्हा तोंड पुढे जातं आणि बोट मागे राहतं, एका बटणावर दोन आकडे पडतात किंवा एखादं बटण सुटतं.

रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागच्या अशा पाच गोष्टी मांडल्या होत्या: एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम बदलायचा नाही, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, कुठलीही गोष्ट मोजता येते, आणि कुठूनही मोजायला सुरुवात केली तरी एकूण तेच. आपल्याला हे इतकं उघड वाटतं की यात शिकण्यासारखं काय आहे असंच वाटतं. पण तीच नऊ बटणं मुलाच्या डोळ्यांदेखत जरा लांब लांब पसरवा आणि विचारा "आता जास्त झाली का?" पाच वर्षांचं मूल अगदी ठामपणे हो म्हणतं. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं होतं, साधारण सहा-सात वर्षांचं होईपर्यंत बऱ्याच मुलांना रांग लांब म्हणजे वस्तू जास्त असंच वाटतं. इथे समजावून सांगून काही होत नाही हो, परत जवळ आणायची, परत मोजू द्यायची, परत पसरायची.

या वयात वर्कशीटपेक्षा फासा टाकून घरं मोजत पुढे जायचा कुठलाही खेळ चांगला. फाशावरचे ठिपके ओळखणं हाही एक टप्पाच आहे, कारण तीन-चार वस्तूंपर्यंत माणसाला न मोजता एका नजरेत कळतं, आणि सहाचे ठिपके तीन-तीन असे दिसायला लागले की बेरजेचं बी तिथेच पडलं. आणि २० पासून उलटं म्हणायची प्रॅक्टिस आत्ताच करून ठेवा, कुणी करत नाही आणि वजाबाकीत सगळे रडतात.

बेरजेची शिडी

माझी भाची सहा वर्षांची असताना मी तिच्यासमोर ८ बटणं मोजून ठेवली, त्यावर एक रिकामा डबा उपडा टाकला आणि बाहेर आणखी ५ ठेवली, विचारलं सगळी मिळून किती. तिने डब्यावर बोट आपटत आपटत एक, दोन, तीन करत आठपर्यंत मोजलं, जणू बटणं दिसतायत, आणि मग बाहेरची नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ६ आणि ३, तेच. तिसऱ्या दिवशी ९ आणि ४, तेच. चार-पाच दिवसांनी परत ८ ठेवली होती, तिने डब्यावर बोट उचललं, थांबली, आणि मला म्हणाली, "मावशी, आत आठ तर आहेतच ना!" आणि डब्यावर एकच टपली मारून "आठ", पुढे नऊ, दहा, अकरा. बास. हे जे झालं ना ते वहीत कुठेच दिसत नाही, उत्तर आधीही बरोबर होतं आणि नंतरही बरोबर, पण पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी उडी हीच आहे.

तर शिडी साधारण अशी असते. आधी सगळं पहिल्यापासून मोजणं. मग पहिल्या संख्येपासून पुढे मोजणं. मग कधीतरी मुलाच्याच लक्षात येतं की ३ + ९ ला तीनापासून नऊ घरं जाण्यापेक्षा नवापासून तीन जावं, म्हणजे मोठ्यापासून सुरुवात. मग येतात युक्त्या, ६ + ७ म्हणजे ६ ची दुप्पट बारा आणि एक, किंवा ९ + ५ म्हणजे दहा आणि पाच पंधरा, त्याला एक कमी. आणि मग शेवटी ते पाठ होतं. पाठ होतं म्हणतेय, करून घ्यायचं असं नाही म्हणत. युक्त्यांच्या पायरीवर चांगलं दोन-तीन महिने खेळलेलं मूल विसरलं तरी परत काढू शकतं, नुसतं पाठ केलेलं मूल विसरलं की थेट रेघांवर येतं.

शिडी म्हटली तरी मुलं एका वेळी एकाच पायरीवर नसतात हेही सांगून ठेवते. तीच भाची ५ + ५ झटकन सांगायची, ८ + ५ पुढे मोजून काढायची आणि दमलेली असली की परत पहिल्यापासून. त्यात मागे पडली वगैरे काही नसतं, लगेच टेन्शन घेऊ नका. बहुतेक वेळा काय करते एवढं बघायचं आणि पुढची एकच पायरी द्यायची. जे मूल अजून पहिल्यापासून मोजतंय त्याला दहा करायची युक्ती शिकवलीत तर ते ती युक्तीही पाठच करणार, आणि तीसुद्धा अर्धवट.

युक्त्यांसाठी दोन गोष्टी हाताशी लागतात. एक म्हणजे दहाच्या जोड्या, १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५, या झोपेतून उठवून विचारल्या तरी आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी दोन्ही हातांच्या बोटांइतकं चांगलं साधन नाही (तीन मिटली, किती उभी?). दुसरं दुप्पट. एवढं पक्कं झालं की बाकीचं मुलं स्वतः जमवतात.

आणि हो, बोटं. "बोटं मोजायची नाहीत" हा नियम ज्याने काढला त्याला मी काय बोलू. बोटं बंद केली की मूल टेबलाखाली मोजतं, किंवा पायाची बोटं हलवतं, किंवा मान हलवत मनातल्या मनात मोजतं आणि एकाने चुकतं. बोटं आपोआप सुटतात, युक्ती जास्त सोपी वाटायला लागली की. तिसरी-चौथीतही साध्या बेरजांना सगळी बोटं पहिल्यापासून लागत असतील तेव्हा मात्र लक्ष घालायचं, आणि तेव्हाही बोटं धरून ठेवायची नाहीत, शिडीवर मागे जाऊन बघायचं.

एकोणसाठ म्हणजे ६९ का लिहितो?

कारण त्याला "साठ" ऐकू येतं आणि साठीत सहा असतो, आणि "एकोण"मध्ये काहीतरी नवासारखं असतं एवढं त्याला माहितीये. चुकीमागे केवढा विचार आहे बघा. आपली मराठी आकड्यांची नावं मुलांच्या दृष्टीने खरंच अवघड आहेत. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर, म्हणून ऐकून लिहिणारं मूल ५२ लिहितं. जर्मन भाषेतही असंच उलटं आहे. चिनी किंवा जपानीत मात्र २५ ला सरळ दोन-दहा-पाच असंच म्हणतात, त्या मुलांना दशक-एकक नावातच मिळतं. आपल्याकडे एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे वरच्या दशकातून एक कमी करत एकोणनव्वदपर्यंत जायचं आणि ९९ ला मात्र नव्व्याण्णव, तिथे एकोणशंभर नाही! त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यात तीन लपलाय हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

यावर मी करते ते असं, की काही महिने प्रत्येक आकड्याला दोन नावं ठेवायची. सत्तेचाळीस आणि "चार दहा नि सात". मूल नेहमीचं नाव म्हणेल, मी दुसरं म्हणणार, मग उलट. भाषा बिघडत नाही त्याने, उलट सत्तेचाळीसमधला "सत्ते" म्हणजे सात आणि "चाळीस" म्हणजे चार दहा हे ऐकू यायला लागतं. आणि एकोण आलं की पुढच्या दशकावर बोट ठेवायचं, एकोणसाठ, कुठेय साठ? हा. त्याला एक कमी. शंभर खणांचा तक्ता भिंतीवर असला तर हे बोटाने दाखवता येतं, साठावर बोट ठेवून एक घर मागे.

मग काड्या. दहा-दहा काड्यांना रबरबँड लावून गठ्ठे, आणि सुट्या काड्या वेगळ्या. रबरबँड मुलालाच लावू द्या, तयार गठ्ठे देऊ नका, कारण दहा सुट्या म्हणजेच एक गठ्ठा हे हाताला कळायचंय. तयार प्लॅस्टिकचे दशकांचे ठोकळे मिळतात, दिसायला छान, पण ते सुटे होत नाहीत आणि माझ्या मते पहिल्या दोन महिन्यांत नेमकं सुटं होणंच महत्त्वाचं. "३६ मधल्या ३ ची किंमत किती" या प्रश्नाला मुलं "तीस" पाठ करून सांगतात, म्हणून तो विचारू नका. ३६ काड्या मोजायला द्या, आकडा लिहायला सांगा, आणि मग त्या ३ वर बोट ठेवून विचारा, "एवढ्याच्या काड्या दाखव". कितीतरी दुसरीतली मुलं तीन काड्या उचलतात.

४२ - १७ = ३५

ही चूक इतकी ठरलेली आहे की मी नवीन मुलाला पहिल्या दिवशी हेच गणित घालते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले, पाच, चारातून एक, तीन. एकाला विचारलं असं का रे केलंस, तर म्हणाला "मोठ्यातून लहान घालवायचं असतं ना". बरोबरच आहे त्याचं, कुणीतरी त्याला पहिलीत हाच नियम सांगितला होता, आणि तो कुणीतरी म्हणजे अशा दहा मुलांच्या बाबतीत मीच होते! एक अंकी वजाबाकीत चालणारा नियम दोन अंकीत येऊन असा पाय ओढतो. असे शॉर्टकट देताना विचार करा, "गुणाकार केला की वाढतं", "शून्य लावलं की दहापट", हे सगळे पुढे अपूर्णांकात आणि दशांशात जाऊन मोडतात.

त्याला मी काड्या दिल्या, चार गठ्ठे आणि दोन सुट्या, म्हटलं मला १७ दे. त्याने एक गठ्ठा दिला. मग दोन सुट्या दिल्या. मग हातातल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत बसला. बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघत होते मुद्दाम. मग हळूच म्हणाला, "रबर काढू का?"

काढ की! उसना घेणं, दशक सुटा करणं, जे काय म्हणतात ते एवढंच आहे. रबर काढलं, दहातल्या पाच मला दिल्या, पाच उरल्या, वर दोन गठ्ठे, पंचवीस. आणि बघा हं, त्याने आधी गठ्ठा दिला, मग सुट्या, म्हणजे डावीकडून सुरुवात केली, आणि जवळच्या दोन आधी देऊन मग पाच. उभ्या मांडणीच्या नेमकं उलट, आणि मनातल्या मनात करताना बहुतेक माणसं असंच करतात. म्हणून उभी मांडणी शिकवायची घाई करू नका, ती एक छान यंत्र आहे पण यंत्र चालवताना आत काय फिरतंय ते दिसत नाही.

काड्यांवरून एकदम आकड्यांवर मात्र उडी मारू नका. मध्ये चित्र पाहिजे, गठ्ठ्याला एक उभी रेघ आणि सुट्याला ठिपका, ४२ म्हणजे चार रेघा दोन ठिपके, आणि दशक सुटा करायचा तर रेघ खोडून दहा ठिपके काढायचे. आधी हातात, मग चित्रात, मग चिन्हात हा क्रम जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडला आणि सिंगापूरने १९८० च्या दशकात आपल्या शाळांचं गणित त्यावर उभं केलं. माझा अनुभव असा की चित्राची पायरी सगळेच खातात, काड्या पेटीत गेल्या की थेट वही. आणि मुलाला जमेनासं झालं की लाजू न देता परत काड्या काढायच्या, "आता मोठा झालास, काड्या कशाला" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

पाढे

पाढे पाठ करण्याच्या मी विरोधात नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर मोठी माणसं चिडतात. साती आठी छप्पन्न ही लय कानाला बसते आणि जन्मभर पुरते. पण नुसत्या लयीचा एक तोटा मी घरीच बघितला, मुलाला ७ × ८ विचारलं की तो सात एके सातपासून गाडी सुरू करायचा आणि मध्ये कुणी बोललं की परत एके. आणि ८ × ७ विचारलं की आठाचा पाढा वेगळा सुरू, तेच उत्तर आहे हे गावीही नाही.

तर आधी गुणाकार डोळ्यांना दिसू द्या, ठिपक्यांच्या रांगा, तीन रांगा प्रत्येकी पाच. कागद आडवा फिरवला की पाच रांगा प्रत्येकी तीन, ठिपके तेच. एवढं एकदा पटलं की १० × १० च्या तक्त्यातल्या शंभर घरांपैकी ५५ च वेगळी उरतात. १, २, ५, १० सोपे, ते काढा, उरली २१. चारचा म्हणजे दुपटीची दुप्पट, नवाचा म्हणजे दहाच्यातून एकदा वजा, तेही काढा. राहिली फक्त दहा: ३ × ३, ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ६ × ६, ६ × ७, ६ × ८, ७ × ७, ७ × ८, ८ × ८. मुलाला हा तक्ता रंगवायला द्या, जे येतंय त्यावर रंग, आणि शेवटी पांढरी उरलेली दहा-पंधरा घरं बघून त्याचा चेहरा बघा. आठवड्याला दोन घरं, घाई नाही.

भागाकाराचं एकच सांगते. १२ ÷ ३ चे दोन अर्थ आहेत, १२ वस्तू तिघांत वाटल्या तर प्रत्येकाला किती, आणि १२ वस्तूंचे तीन-तीनचे गट केले तर किती गट. उत्तर चारच, पण हात वेगळे चालतात. शाळेत वाटणीवर भर असतो आणि गट करणं मागे राहतं, आणि मग लांब भागाकारात "१४४ मध्ये १२ किती वेळा जातात" म्हटलं की मूल कोरं, कारण ही भाषा गटाची आहे.

बरोबरचं चिन्ह आणि शाब्दिक उदाहरणं

हे करून बघाच. ८ + ४ = ☐ + ५, चौकटीत काय? पाचवीतल्या, सहावीतल्या मुलांना विचारा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन लेखात सहावीच्या १४५ मुलांना हे विचारल्याचं आहे, आणि सगळ्यांच्या सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं. उत्तर ७ आहे. मुलांच्या लेखी "=" म्हणजे "आता उत्तर लिही", कारण वर्षानुवर्षं त्यांनी ते फक्त गणिताच्या शेवटी बघितलंय. पुढे बीजगणितात हे किती नडतं ते वेगळं सांगायला नको. उपाय अगदी फुकट आहे, पहिलीपासूनच कधीकधी उलटं लिहा, १३ = ८ + ५, किंवा ७ + २ = ६ + ३ खरं की खोटं, आणि चिन्ह वाचताना "म्हणजे" ऐवजी "एवढंच आहे" म्हणा, दोन्हीकडे सारखं.

शाब्दिक उदाहरणांत मुलं वाचत नाहीत, आकडे वेचतात. "जास्त" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, आणि हे शब्द अधोरेखित करायला आपणच शिकवतो. मग असं उदाहरण घाला: मीनाकडे ८ गोट्या आहेत, त्या राजूपेक्षा ३ ने जास्त आहेत, राजूकडे किती? पटकन ११ येतं. फ्रान्समध्ये १९८० च्या सुमाराला लहान मुलांना एक गंमतीचं उदाहरण घातलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती, आणि बहुतेक मुलांनी बेरीज करून ३६ वगैरे सांगितलं! हसू नका, आपलीही सांगतात. मी अधूनमधून आकडेच नसलेली उदाहरणं देते, "मीनाकडे काही गोट्या होत्या, थोड्या हरवल्या, आता जास्त आहेत की कमी?" आणि कधी प्रश्न झाकून ठेवते आणि विचारते, यावरून काय काय विचारता येईल. आकडे नंतर. गोष्ट काय घडली ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की क्रिया कुठली हे विचारावंच लागत नाही.

अपूर्णांक

इथे तिसरी-चौथीपर्यंत हुशार म्हणवलेली मुलंही अडखळतात, कारण आत्तापर्यंत मोठा आकडा म्हणजे मोठी संख्या होती आणि आता १/८ हा १/४ पेक्षा लहान. छेद या शब्दाचा अर्थच कापणे, तो मुलांना सांगा, जितके जास्त छेद तितके तुकडे बारीक. कागदाची लांब पट्टी घ्या, एकदा घडी, दोनदा घडी, तीनदा घडी, उघडून मोजा, आठ. गोल काढून भाग रंगवण्यापेक्षा पट्टी बरी, कारण पट्टी पुढे संख्यारेषा होते आणि १/४ ही ० आणि १ च्या मधली एक जागा आहे हे दिसतं. गोल रंगवणाऱ्या मुलाला अपूर्णांक ही संख्या आहे हे पटतच नाही, त्याला ते चित्र वाटतं.

आणि आपल्या भाषेत इथे मोठी सोय आहे जी आपण वापरत नाही. सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा हे मूल घड्याळ बघताना रोज ऐकतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, हे सगळे अपूर्णांकच. पट्टीवर हीच नावं लिहून घ्या आधी, दीड कुठे, अडीच कुठे, पावणेदोन कुठे. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, एकोणसाठसारखंच, वरच्यातून कमी करायची आपली खोडच आहे. ही नावं जागेवर बसली की मग १ ३/४ असं लिहायला शिकवा.

दशांशाची चूक ठरलेली, ०.३५ मोठं की ०.८? "पस्तीस मोठे." आपण "शून्य पॉइंट पस्तीस" वाचतो म्हणून हे होतं. "तीन पाच" असं सुटं वाचायचं आणि मीटरपट्टीवर दाखवायचं, ०.८ मीटर म्हणजे ८० सेंटिमीटर, ०.३५ म्हणजे ३५.

किती वेळ, आणि काळजी कधी

रोज १५ मिनिटं, एक तास रविवारी नको. त्यातली पाच मिनिटं जुनं, म्हणजे मागच्या महिन्यातलं काहीतरी, कारण गणितात विसरणं हा नियमच आहे. घड्याळ लावून स्पीड टेस्ट मी बंद केल्या, ज्यांना येतं त्यांना मजा येते आणि ज्यांना येत नाही ती मुलं पोटात दुखतंय म्हणायला लागतात. आणि "मलाही गणित कधी जमलं नाही" हे मुलासमोर म्हणू नका, प्रेमाने म्हटलं तरी.

काही मुलांना मात्र खरोखरच आकड्यांचीच अडचण असते, तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं तरी तीन-चार ठिपके मोजूनच सांगतं, ९ मोठे की ६ यावर अडखळतं, काल आलेलं आज पार पुसलेलं असतं, घड्याळ आणि डावं-उजवंही जमत नाही, आणि वाचन मात्र बरं आहे, असं सगळं एकत्र आणि सहा-सहा महिने दिसत असेल तर जास्त गणितं घालू नका, शिक्षकांशी बोला आणि तपासणी करून घ्या. जाताना नुसती वही नेऊ नका, "कसं काढलंस" विचारल्यावर मूल काय म्हणालं ते महिनाभर तारखेसकट लिहून ठेवा आणि ते घेऊन जा, तपासणाऱ्याला गुणांपेक्षा त्याचाच उपयोग होतो.